शिआनला पोहोचलेल्या लेकीस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं नुसतं 'पोहोचले' आलं, तेही दुसऱ्या दिवशी. व्हॉट्सॅप तिथे चालत नाही, मान्य. मेल चालते ना? असो. परवा फोनवर झालं त्यावर लिहायचं नाही, असं ठरवूनच बसले आहे.

टेबल आवरताना तुझी चौकटींची वही सापडली. पानभर एकच चिनी अक्षर, 'आन'. वर छप्पर, खाली स्त्री. म्हणजे शांत, सुरक्षित. वाचून बरं वाटलं. (खोलीला आतून कडी आहे ना गं?) मग समासातला शेरा दिसला: 'बाई घरात म्हणजे शांतता, हे कुणी ठरवलं?' इ.स. 100 च्या सुमारास शू शेन या चिनी पंडितानं आपल्या कोशात हेच सांगितलं आणि त्याच्याही बाराशे-तेराशे वर्षं आधी, आनयांगला सापडलेल्या, कौल लावायच्या कोरीव हाडांवर, ती बाई छपराखाली गुडघे टेकून बसलेलीच आहे. मी जन्मभर बँकेत कॅश मोजली. घरी बसून कुणाला शांतता दिल्याचं आठवत नाही. आजीला विचार.

तुझ्या गावाच्या नावातही तेच अक्षर. जुनं नाव छांगआन, दीर्घ शांती. ह्युएन त्सांग तिथूनच निघाला, बंदी मोडून, तुझ्यासारखाच कुणाचं न ऐकता, आणि पुलकेशीच्या महाराष्ट्रापर्यंत आला. परतला थेट 645 साली, सोळा-सतरा वर्षांनी! पोटात गोळाच आला. रात्री एकटीनं बाहेर पडत जाऊ नकोस, कुठे जातेस ते कुणाला तरी सांगून... बघ, झालं माझं सुरू. सोड.

जुन्या चिनीत हेच अक्षर 'कुठे?', 'कसं?' असं विचारतं, हे मला माहीत नव्हतं. जुन्या गोष्टीतल्या मेजवानीत सेनापती शियांग यू आपल्या पाहुण्याबद्दल विचारतो, पेइचा सरदार कुठाय? तो लघवीच्या निमित्तानं केव्हाच पसार! सातारकर बघायला आले तेव्हा तू मागच्या दारानं गेलीस तशीच. तेव्हा तुला बोलले, पण मुलगा मलाही पसंत नव्हता. पोहे मात्र सगळे त्यानंच संपवले.

आणि च्वांगत्स या चिनी तत्त्वज्ञाचे मासे. तिथला 'कसा' म्हणजे हेच अक्षर. मित्र त्याला म्हणतो, तू मासा नाहीस, मग माशांचा आनंद तुला कसा कळला? परवा तूही हेच म्हणालीस: 'मी इथे खूश नाही हे तुला पुण्यात बसून कसं कळतं?' कळतं. आवाजावरून कळतं.

स्कॉलरशिपचं नको म्हणाली होतीस, तरी सोसायटीत सगळ्यांना सांगितलंय. तुझे अकरा वाजतात तेव्हा इथे साडेआठ, मी जागीच असते. कडीचं कळव. नाना विचारतायत, तिथे दुधाचा चहा मिळतो का. नसेल तर मसाला पाठवून उपयोग काय?

तुझी,
आई