चिऊच्या नववीच्या गुणांबद्दल

ओहायो
१२ जुलै

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
स. न. वि. वि.

परवा फोनवर तुझ्यामागे लोकल धडधडत होती दादा, आणि माझं निम्मं बोलणं करी रोडलाच उतरून गेलं. म्हणून चिऊच्या इथल्या, अमेरिकेतल्या पदवीप्रवेशाबद्दल हे सविस्तर लिहिते. चिऊला दाखवा, पण आधी तुम्ही दोघं वाचा.

दादरच्या त्या एजंटाला पैसे देऊ नका. ‘निबंध आम्ही लिहितो, शिफारसपत्रंही आम्हीच लिहितो, मुलीला काही करावं लागत नाही,’ असं तो म्हणाला ना? त्यातलं शेवटचं ऐकून मी खुर्चीत ताठ बसले. मी इथे विद्यापीठात बाहेरून आलेली गुणपत्रकं तपासते, अकरा वर्षं झाली. वेगवेगळ्या शिक्षकांच्या नावाची पण एकाच हातची पत्रं एका दुपारी टेबलावर आली की ती लपत नाहीत. मग त्या पोराचे खरे गुणही संशयाने बघितले जातात.

आपल्याकडे बारावीचा एक आकडा आला की सुटलो. इथे पदवीच्या पहिल्या वर्षाला नववी ते बारावी, चारही वर्षांचे गुण लागतात. शिवाय बहुतेक ठिकाणचे अर्ज जानेवारीच्या आसपास बंद होतात, तेव्हा तुमची बोर्डाची परीक्षाही झालेली नसते. म्हणजे निर्णय नववी, दहावी, अकरावी आणि बारावीच्या सहामाहीवर होतो. बोर्डाचा निकाल नंतर पाठवायचा, पण तो घसरला तर मिळालेला प्रवेशही धोक्यात येतो.

आता खरी गोम. दहावीचं गुणपत्रक बोर्डाचं आहे, ते घरात असेल. (लॅमिनेट केलं नाहीत ना? केलं असेल तर आता काही बोलत नाही.) पण नववीचे गुण फक्त शाळेच्या दप्तरात असतात, आणि चिऊचं प्रगतिपुस्तक मराठीत आहे. वहिनी, तुम्ही परळच्या शाळेत स्वतः जा. लेटरहेडवर इंग्रजीत नववी-दहावीचे विषयवार गुण, मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक, हे सगळं घ्या. तीन-चार प्रती मोहोरबंद पाकिटात मागा. शिक्का पाकिटाच्या तोंडावर, अर्धा झडपेवर येईल असा. आता शाळा चालू आहे तोवर जा. एकदा दिवाळीची सुट्टी लागली की कारकुनाला शोधत बसाल. अकरावीचं असंच कागदपत्र कॉलेजातून.

कॉलेजातली अडचण मात्र शिक्क्याची नाही. चिऊ दिवसभर क्लासला असते आणि कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला जाते. मग तिला ओळखणारं तिथे कोण आहे? इथे अकरावी-बारावीला शिकवलेल्या शिक्षकांची एक-दोन पत्रं मागतात. कॉमन ॲपवर (बऱ्याच विद्यापीठांना मिळून एकच ऑनलाइन अर्ज करतात तो) शिक्षकाला ईमेलने लिंक जाते आणि तो परस्पर पत्र चढवतो. शिवाय शाळेच्या समुपदेशकाचं पत्र मागतात, त्याच्या जागी उपप्राचार्य चालतील. एखादे सर म्हणतील, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ तिथे हो म्हणायचं नाही. त्याऐवजी तिने एका कागदावर लिहून द्यावं: कुठला प्रयोग तिचा फसला, कुठली शंका तिने विचारली. एवढ्यावर चांगला शिक्षक पत्र लिहितो. पण तसं घडायला तिला आठवड्यातून दोन दिवस तरी खऱ्या वर्गात बसावं लागेल. क्लासवाले कुरकुर करतील, करू देत.

निबंध ६५० शब्दांपर्यंत, आणि बाहेरचे उद्योग लिहायला दहा रकाने. चिऊ म्हणाली, ‘आत्या, माझ्याकडे सर्टिफिकेटंच नाहीत.’ अगं, आठवीपासून आईच्या डब्यांचा हिशेब कोण ठेवतंय? कोणाची पोळी वाढली, कोणाचे पैसे दोन महिने अडकलेत, गॅस संपायच्या आधी सिलिंडर नोंदवायचा, हे सगळं तूच बघतेस. कौटुंबिक जबाबदारीसाठी त्या अर्जात वेगळा पर्याय आहे, तो काही शोभेला नाही. हिशेबाच्या त्या वहीवर निबंध लिही, आणि तुझ्याच इंग्रजीत लिही.

परीक्षांचं थोडक्यात. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजीची परीक्षा, टोफेल, आयईएल्टीएस किंवा ड्युओलिंगो यातली एक, द्यावी लागेल. कुठली चालते ते प्रत्येक विद्यापीठाच्या पानावर बघायचं. एसएटी ही इथली गणित-इंग्रजीची प्रवेशचाचणी काही ठिकाणी ऐच्छिक आहे, कॅलिफोर्निया विद्यापीठ ती बघतच नाही, तर एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. कॉमन ॲप १ ऑगस्टला नव्याने उघडतं.

पैशांचं, दादा, स्पष्टच लिहिते. परदेशी मुलाची ऐपत न बघता प्रवेश ठरवणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. बाकी ठिकाणी मदत मागितली की तीही तराजूत पडते. प्रवेश मिळाल्यावर आय-ट्वेंटी (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) हवं तर पहिल्या वर्षाचा सगळा खर्च कागदावर दाखवावा लागतो. त्याला बँकेचं कर्ज-मंजुरीपत्र चालतं. घर गहाण टाकायचा विचार मात्र मला विचारल्याशिवाय करू नकोस. पुढे ३५० डॉलर सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, भरायचे, मग व्हिसा. आता अमेरिकन वकिलातीची कचेरी बीकेसीत आहे. २००८ साली ती ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होती, तेव्हा मी आत होते आणि तू बाहेर फुटपाथवर माझी पर्स काखेत धरून उभा होतास, आठवतं? येणारेजाणारे बघत होते.

आईला नमस्कार. चिऊला रविवारी सकाळी फोन करायला सांगा, तुमच्या सकाळी, माझ्या नाही.

तुमची,
ताई

ता. क. चिऊचा पासपोर्ट काढताना आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका, आणि अर्जांत नाव हुबेहूब पासपोर्टप्रमाणे लिहा. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी येतं आणि आईचं नाव वेगळं छापलेलं असतं, त्यात इथले लोक गोंधळतात. मला पहिलं वर्षभर आईच्या नावाने टपाल येत होतं. आईला तेव्हा सांगितलं, तर म्हणाली, ‘मग उत्तर पाठव की माझ्या नावाने.’