वरकस, गोठा आणि इसार

नौपाडा, ठाणे

प्रिय संजू,

‘डोंगरावरचं गवत विकत घेऊन काय करणार?’ हे तू फोनवर विचारलंस तेव्हा मी लोकलमध्ये लटकत होतो, म्हणून आता नीट लिहितो.

जागा मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यापासून आत. वरकस, म्हणजे गवताची हलकी जमीन, चांगलाच उतार. खालच्या भातखाचरांच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, गवत-पालापाचोळा इथूनच जायचा. वाटणीत खाचरं धाकट्या भावाकडे गेली, उतार थोरल्याकडे आला, आणि विकतोय तो थोरला. धाकट्याच्या डांगी गाई आजही तिथेच चरतात. भर पावसात टिकणारी जात ती, तेलकट कातडीवरून पाणी ओघळून जातं. त्यांना अडवायचं नाही आणि दिवाळीनंतर गवत निम्मं-निम्मं, एवढं मी धाकट्याशी बोलून ठेवलंय. उताराला कुंपण घालून ‘सेकंड होम’ची पाटी लावणारे कमी नाहीत, मला त्यात पडायचं नाही.

गोठा मात्र बघण्यासारखा. काळा दगड, चिखलात रचलेला, दीड हात रुंद भिंती, वर मंगलोरी कौलं. गव्हाणीची लाकडी कड गुरांच्या माना घासून घासून इतकी गुळगुळीत झालीय की बोट घसरतं. पश्चिमेकडच्या वाशांना वाळवी दिसते. एजंट म्हणतो, आतबाहेर सिमेंट मारा, वीकेंडला भाड्याने द्या. अरे, चिखलातल्या भिंतीला सिमेंटने कोंडलं की ओल आतच मुरते आणि भिंत पोटातून फुगते. दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, चुन्यातच भरायच्या. वरच्या अंगाला चर खणून डोंगराचं पाणी वळवलं, तर निम्मं दुखणं तिथेच संपेल.

आता कागद. एजंटने नुसता आजचा सातबारा पुढे केला. मी जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढायला लावलेत. भोगवटादार वर्ग 2 निघाला, म्हणजे विकायला सरकारची परवानगी लागणारी जमीन, तर त्या फेऱ्या आल्या. मागे कधी आदिवासी खातेदार असेल तर आदिवासींच्या जमिनीच्या विक्रीवर बंधन घालणारं कलम 36अ आडवं येतं. आणि मला खरी धास्ती आहे ती खाजगी वनं सरकारकडे घेणाऱ्या 1975 च्या कायद्याची. असे झाडोऱ्याचे उतारच त्यात सापडतात. मालक वर्षानुवर्षं जमीन कसतो आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात वनाची नोंद निघते. हे सगळं स्वच्छ निघेपर्यंत इसाराचा एक रुपया देणार नाही. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, या कूळ कायद्याच्या कलम 63 ची अडचण नाही, जुन्नरच्या सातबाऱ्यावर बाबांमागे माझं नाव लागलंय.

गोठ्याची नोंद सातबाऱ्यावर नाही, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीला आहे, तीही दोघा भावांच्या नावे! म्हणजे खरेदीखतावर धाकट्याचीही सही हवी. गाडीवाट शेजाऱ्याच्या बांधावरून जाते. तो आज हसून चहा पाजतो, पण वाटेचा हक्कही लिहूनच घेणार. उद्या तहसीलदाराकडे कलम 143 खाली अर्ज करत कोण बसेल?

हिचं म्हणणं, एवढ्या पैशात घोडबंदरला एक खोली वाढली असती. बरोबर आहे तिचं. पण मला ती खोली नकोय.

तुझ्याकडे काम आहे. थोरला म्हणतो, पावसाआधी शाकारणी तुम्हीच करून घ्या. मी म्हटलं, आधी खरेदीखत. पण वासे किती बदलावे लागतील हे तूच सांगू शकशील, आणि त्या आकड्यावर मला भाव उतरवायचाय. पुढच्या रविवारी ये. कल्याण-मुरबाड रस्ता तुंबायच्या आत निघू. येताना वासे टोचून बघायला तुझी ती जुनी पटाशी आण.

तुझा,
अवी