उलटतपासणी तक्रारदाराचीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायबर फसवणुकीच्या बातम्यांच्या शेवटी ‘नागरिकांनी सतर्क राहावे’ असे आवाहन हमखास असते. फसवणूक झालेला माणूस बँकेत आणि पोलीस ठाण्यात गेल्यावर त्याला काय वागणूक मिळते, याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र.

माझे सासरे ७६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. ‘बिल न भरल्याने आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ या मेसेजमधल्या क्रमांकावर त्यांनी फोन केला, पलीकडच्याने सांगितलेले ॲप मोबाइलमध्ये घेतले आणि रात्रीत दोन वेळा मिळून ९६ हजार रुपये गेले. सकाळी बँक उघडताच ते पासबुक घेऊन काउंटरवर उभे राहिले. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, बसा,’ असे उत्तर मिळाले. ते बाकावर बसलेले असतानाच, अकरा वाजून दहा मिनिटांनी, हातातल्या मोबाइलवर आणखी ४० हजार गेल्याचा मेसेज आला.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असले तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. म्हणजे कळवल्याची वेळ हाच ग्राहकाचा आधार. सासऱ्यांच्या अर्जाच्या पोचेवर वेळ पडली ती दुपारी दीडची.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘शिकलेले ना तुम्ही? मग ॲप घेतलेच कसे?’ तोही चारचौघांत, उभे ठेवून. मग खाते ज्या हद्दीत आहे तिथे जा, तिथून सायबरकडे जा, असे करत तिसऱ्या दिवशी नुसता तक्रारी अर्ज घेतला गेला. बँक म्हणते एफआयआरची प्रत आणा, पोलीस म्हणतात बँकेचे पत्र आणा. वास्तविक १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यावी लागते आणि तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो आणि असे अधिकारी मोजकेच असतात, ही अडचण मला मान्य आहे. पण म्हाताऱ्या माणसाला खुर्ची द्यायला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावून द्यायला निरीक्षक लागत नाही.

गेलेली रक्कम खात्याखात्यांतून फिरत असते आणि ती वाटेत गोठवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. ते तास आपण ‘कसे फसलात’ हे विचारण्यात घालवतो. मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंचे १२ हजार गेले, तेव्हा हयातभर नागरिकशास्त्र शिकवलेल्या माझ्या सासऱ्यांनी त्यांना सांगितले, ‘पोलिसांत जाऊ नका, उगाच अपमान होतो.’ ते ऐकून मला फार वाईट वाटले.

जिल्हा पोलीस अधीक्षकांनी आणि बँकांच्या प्रादेशिक कार्यालयांनी एवढे तरी पाहावे, की असा माणूस दारात आल्याबरोबर आधी खाते गोठवले जाईल, तक्रारीवर तो आल्याची खरी वेळ पडेल आणि बाकीचे प्रश्न त्यानंतर विचारले जातील.

आपली,
एक वाचक, सातारा