फवारा पोत्यात शिरत नाही

साठवणीच्या धान्यातील किडींवर एरोसोल फवाऱ्याचा उपाय सुचवणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. त्यातील सरसकट सल्ला मला धोक्याचा वाटतो. फवाऱ्याचे सूक्ष्म थेंब उघड्या पृष्ठभागावर बसतात, थप्पीतल्या पोत्यांच्या आत पोचत नाहीत. सोंडकिड्याची अळी तर दाण्याच्या आतच वाढते. त्यामुळे गिरणीत किंवा गोदामात उडणाऱ्या पतंगांपुरता हा उपाय ठीक; भरलेल्या धान्यासाठी नव्हे. मार्केट यार्डातून वर्षाचा गहू भरणाऱ्या आमच्या ओळखीच्या घरांत डासांचा फवारा कोठीत मारलेला मी पाहिला आहे. खाण्याच्या वस्तूंवर तो मारायचा नसतोच! कडक उन्हात वाळवलेला गहू, एरंडेल चोळलेली तूरडाळ, घट्ट झाकणाचा कोरडा डबा यांना लेखात दोन ओळीही का मिळू नयेत?

– एक गृहिणी, सदाशिव पेठ, पुणे