सल्ला कोणत्या बॅटरीसाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलची बॅटरी पार शून्यावर येऊ द्यावी आणि मगच शंभर टक्के चार्ज करावी, असा सल्ला आपल्या पुरवणीत पुन्हा एकदा छापून आला आहे. हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. त्या बॅटऱ्यांना 'मेमरी इफेक्ट'ची खोड होती, म्हणजे पूर्ण न उतरवता वारंवार चार्ज केल्या की त्या कमी चालू लागत, म्हणून त्या अधूनमधून रिकाम्या कराव्या लागत. 1991 मध्ये बाजारात आलेल्या आणि आज फोन-लॅपटॉपमध्ये सर्रास असलेल्या लिथियम-आयनला ती खोड नाही. उलट वारंवार तळ गाठणं तिला सोसत नाही.

हा सल्ला पाळून फरक पडला म्हणणारे खोटं बोलत नाहीत. बॅटरी एकदा पूर्ण उतरवून भरली की टक्के मोजणाऱ्या यंत्रणेचा हिशोब सुधारतो, आकडा खरा दिसू लागतो. गेलेली क्षमता मात्र परत येत नाही.

लिथियम-आयनची खरी वैरी उष्णता, आणि तिच्या जोडीला काठोकाठ भरून राहणं. शंभर टक्क्यांना बहुतेक सेल 4.2 व्होल्टच्या आसपास असतो. तशा अवस्थेत तो गरम जागी पडून राहिला की इलेक्ट्रोडवरचा थर जाड होत जातो आणि त्यात अडकलेलं लिथियम कायमचं कामातून जातं. चार्जर जास्तीचा करंट आत जाऊ देत नाही हे मान्य, पण रात्रभर उशीखाली चार्जिंगला लावलेल्या फोनचा तेवढ्याने बचाव होत नाही. 80 टक्क्यांवर थांबण्याची सोय आता अनेक फोनमध्ये आहे, ती सुरू करावी. कॅमेऱ्यासारखी वस्तू काही महिने कपाटात राहणार असेल, तर तिची बॅटरी निम्मी भरून थंड जागी ठेवावी. आणि दिवसातून दोनदा थोडंथोडं चार्ज केल्याने आयुष्य घटतं, हेही खरं नाही. निम्मी बॅटरी दोनदा वापरली, तर पूर्ण चार्जचं चक्र एकच मोजलं जातं.

इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीचं नेमकं उलटं. ती अर्धवट उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, म्हणून ती भरलेलीच हवी. एकाच चौकटीत 'बॅटरीची काळजी' म्हणून सगळ्यांना एकच नियम लावला, तर कुणाची तरी बॅटरी नक्की जाणार.

असा मजकूर छापताना तो कोणत्या प्रकारच्या बॅटरीसाठी आहे, हे पहिल्याच ओळीत द्यावं. आणि या वेळच्या सल्ल्याची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक