तीन आउट, चार स्ट्राइकआउट

क्लीव्हलंड, ओहायो
3 ऑगस्ट 2025

ती. अप्पाकाकांस,
सा. न. वि. वि.

गणपतीतल्या प्रश्नमंजूषेत यंदा एक फेरी बेसबॉलची ठेवताय आणि प्रश्न चांगले चावरे हवेत, असा काकूंकडून निरोप आला. तर सर्वाधिक होमरन कोणाचे (बॅरी बॉण्ड्स, 762) किंवा पिचर म्हणून सर्वाधिक सामने कोणी जिंकले (साय यंग, 511) असले प्रश्न घालूच नका. मोबाइल खिशात असलेली पोरं अर्ध्या मिनिटात उत्तर काढतील. बेसबॉलचे खरे अवघड प्रश्न निघतात नियमांतून. कुठली गोष्ट मोजायची आणि कुठली नाही, यावर तिथे शंभर वर्षं वाद चाललेत.

श्रोत्यांना आधी एवढंच सांगून ठेवा: दोन्हीकडे नऊ-नऊ खेळाडू, नऊ इनिंग, आणि प्रत्येक इनिंगमध्ये प्रत्येक संघाचे तीन आउट. म्हणजे पूर्ण सामन्यात एका संघाचे 27. चेंडू टाकतो तो पिचर, त्याच्यासमोर बॅटर, बॅटरच्या मागे कॅचर. मैदानात पळायचे चार टप्पे, ते बेस; सगळे फिरून परत आलं की एक रन. मारण्याजोगा चेंडू हुकला किंवा सोडला की स्ट्राइक, तीन स्ट्राइक झाले की स्ट्राइकआउट. फटका मारून बॅटर सुखरूप बेसवर पोचला की हिट. चार बॉल बाहेर गेले की बॅटरला पहिला बेस फुकट, त्याला म्हणतात वॉक. बाकीचं प्रश्नांच्या ओघात येईल.

पहिला प्रश्न असा टाका: तीन आउट झाले की इनिंग संपते, मग एकाच पिचरला एका इनिंगमध्ये चार स्ट्राइकआउट कसे मिळतात? मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत) हे कितीतरी वेळा झालंय, त्यामुळे ‘अशक्य’ म्हणणारा गारद. त्याचं असं आहे की तिसरा स्ट्राइक कॅचरने टप्पा पडायच्या आत पकडावा लागतो. तो निसटला, किंवा आधी जमिनीला लागला, तर बॅटरला पहिल्या बेसकडे पळायची मुभा असते. कॅचरने चेंडू उचलून त्याला लावला, किंवा तो पोचायच्या आत पहिल्या बेसवर फेकला, तर आउट. नाहीतर बॅटर सुखरूप. पिचरने तीन स्ट्राइक तर टाकलेलेच असतात, म्हणून स्ट्राइकआउट त्याच्या खात्यात चढतो, पण फळ्यावर आउट चढत नाही. अशा इनिंगमध्ये चौथा गडी स्ट्राइकआउट करायला मोकळा राहतो.

हुशार गटाला लगेच उपप्रश्न द्या. ही पळायची मुभा कधी मिळत नाही? पहिल्या बेसवर आधीच आपला धावपटू असेल आणि दोनपेक्षा कमी आउट झाले असतील तेव्हा. तेव्हा बॅटर जागच्या जागी आउट. ही अट नसती तर कॅचरने चेंडू मुद्दाम पाडला असता. मग बॅटर पहिल्या बेसकडे निघणार, तिथे उभा असलेल्याला नाइलाजाने दुसऱ्याकडे पळावं लागणार, आणि दोघंही आयतेच सापडणार. दोन आउट झालेले असताना अशा लबाडीचा काही उपयोग नाही, एका आउटने इनिंगच संपते, म्हणून तेव्हा मुभा कायम. प्रश्न वाचताना ‘चार बळी’ असं चुकूनही म्हणू नका. बळी तीनच असतात आणि तेवढ्या एका शब्दावरून कोणीतरी तुमच्याशी भांडेल.

दुसरा माझा आवडता. एका संघाच्या प्रत्येक बॅटरची हंगामाची सरासरी (हिट भागिले खेपा) सामन्याआधी होती तीच सामन्यानंतर राहिली, असा सामना कोणता? 16 एप्रिल 1940, शिकागो. आमच्या क्लीव्हलंडच्या बॉब फेलरने हंगामाच्या पहिल्याच दिवशी शिकागो व्हाइट सॉक्सला एकही हिट दिला नाही. क्लीव्हलंड 1-0 ने जिंकलं. सगळ्यांची सरासरी आधी शून्य, नंतरही शून्य. यावर गणिताचे मास्तर उठून म्हणतील की आधी शून्य नव्हतीच, शून्य भागिले शून्य होती. त्यांचं बरोबर आहे. गुण द्या आणि बसवा.

आता जरा मोठा प्रश्न. सलग 36 बॅटर आउट करूनही सामना हरलेला पिचर कोण? पिट्सबर्गचा हार्वी हॅडिक्स, 26 मे 1959, मिलवॉकीच्या मैदानावर. नऊ इनिंगमध्ये सगळेच्या सगळे 27 बॅटर आउट केले तर त्याला परफेक्ट गेम म्हणतात. हॅडिक्सने तेवढं करून पुढे आणखी तीन इनिंग तसंच टाकलं. पण त्याच्या संघाने बारा हिट मारूनही एक रन काढला नाही. समोरचा ल्यू बर्डेट तेराच्या तेरा इनिंग टाकून जिंकला. तेराव्या इनिंगचा क्रम लिहून ठेवा, उपप्रश्न त्यातच आहेत. तिसऱ्या बेसवरच्या डॉन होकने थ्रो चुकवला आणि फेलिक्स मॅन्टिला पहिल्या बेसवर आला, इथे परफेक्ट गेम गेला. एडी मॅथ्यूजने बंट मारून (चेंडूला नुसती बॅट लावून) स्वतः आउट होत त्याला दुसऱ्या बेसवर सरकवलं. हँक आरनला जाणूनबुजून वॉक दिला. मग जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापार मारला. होमरन, तीन रन, असं कोणालाही वाटेल. पण चेंडू पलीकडे गेलाय हे आरनला कळलंच नाही. विजयाचा रन झाला असं धरून तो बेसची वाट सोडून वळला आणि मागून पळणारा ॲडकॉक त्याच्या पुढे गेला. पुढच्या धावपटूला ओलांडलं की ओलांडणारा आउट. म्हणून ॲडकॉकचा होमरन कागदावर डबल (दोन बेसचा हिट) झाला आणि निकाल शेवटी 1-0 असा लागला. प्रश्न करायचा तर असा करा: कुंपणापार गेलेल्या चेंडूवर, दोघे बेसवर असताना, एकच रन का मोजला?

याची खरी मेख 1991 सालची आहे. त्या वर्षी मेजर लीगच्या आकडेवारी समितीने नो-हिटरची व्याख्या घट्ट केली. सामना नऊ किंवा जास्त इनिंगचा हवा, आणि तो संपेपर्यंत एकही हिट नको. हॅडिक्सने तेराव्यात ॲडकॉकचा हिट दिलेला, त्यामुळे 32 वर्षांनी त्याचं नाव अधिकृत यादीतून गेलं. 1917 चा अर्नी शोरचा सामनाही तेव्हाच परफेक्ट गेमच्या यादीतून गेला. तोही विचारण्याजोगा आहे: बेब रूथने पहिल्याच बॅटरला वॉक दिला, पंचाशी भांडून त्याला ठोसा मारला आणि मैदानाबाहेर गेला. आत आलेल्या शोरच्या वेळी तो धावपटू बेस चोरताना (फटका नसताना पुढच्या बेसकडे पळताना) आउट झाला आणि पुढचे 26 शोरने ओळीने काढले. आता ती नोंद ‘दोघांनी मिळून नो-हिटर’ अशी आहे. त्याच समितीने रॉजर मॅरिसच्या 1961 मधल्या 61 होमरनवरची टाचही काढली. तोवर रूथचे 60 आणि मॅरिसचे 61 वेगवेगळे लावत होते, कारण रूथच्या वेळी हंगाम 154 सामन्यांचा होता आणि मॅरिसच्या वेळी 162 चा. म्हणजे 1991 च्या आधी छापलेलं पुस्तक हाताशी असेल तर ते या फेरीत उघडू नका.

खरं तर 2024 च्या आधीचंही नको. सर्वोत्तम कारकीर्द-सरासरी म्हणून टाय कॉब .367 हे उत्तर कित्येक पिढ्यांनी पाठ केलं. मे 2024 मध्ये मेजर लीगने जुन्या नीग्रो लीग्जचे आकडे अधिकृत धरले आणि जॉश गिब्सन .372 वर पहिला आला. एका हंगामाची सर्वोत्तम सरासरीही आता त्याचीच, 1943 ची .466. काळ्या खेळाडूंना 1947 पर्यंत मेजर लीगचं दार बंद होतं, त्या अन्यायाची ही उशिराची वजाबाकी. तुमच्या परीक्षकाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर बरोबर उत्तर देणारा मुलगा गुण गमावेल.

सरासरीचा हिशेब मात्र क्रिकेटवाल्यांना नीट समजावून सांगा. इथे हिट भागिले ॲट-बॅट, म्हणजे हिशेबात धरलेल्या खेपा. वॉक आणि चेंडू अंगाला लागून मिळालेला बेस ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत. सरासरीचा मान मिळवायचा तर संघाच्या प्रत्येक सामन्यामागे 3.1 वेळा फलंदाजीला यावं लागतं, म्हणजे 162 सामन्यांना 502. यावर प्रश्न: 1996 मध्ये सॅन डिएगोचा टोनी ग्विन फक्त 498 वेळा फलंदाजीला आला, तरी नॅशनल लीगचा (मेजर लीगमधल्या दोन मुख्य लीगपैकी एक, दुसरी अमेरिकन) मान त्यालाच कसा? नियमच सांगतो की कमी पडलेल्या चार खेपा रिकाम्या हाताच्या ॲट-बॅट म्हणून जमेला धरा आणि मग बघा. त्याचे 451 मध्ये 159 हिट, म्हणजे .353. चार वाढवून 455 मध्ये 159, म्हणजे .349. दुसऱ्या क्रमांकावरचा एलिस बर्क्स .344. ग्विन तरीही पुढे. हा प्रश्न फळ्यावर आकडे मांडून विचारा, पोरांना भागाकार करायला लावा.

टेड विल्यम्सचाही भागाकारच आहे. 28 सप्टेंबर 1941 च्या सकाळी तो 448 मध्ये 179 वर होता, म्हणजे .39955. वर्तमानपत्रात ते .400 छापलं गेलं असतं, घरी बसला असता तरी चाललं असतं. त्या दिवशी फिलाडेल्फियात दोन सामने होते. तो दोन्ही खेळला, आठात सहा हिट मारले आणि .406 वर थांबला. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण हंगामात कोणी .400 गाठलेलं नाही. आणि तरी त्या वर्षीचा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला जो डिमॅजिओ, सलग 56 सामन्यांत हिट मारणारा! ती मालिका इथे क्लीव्हलंडमध्येच तुटली, 17 जुलैला. तिसऱ्या बेसवरच्या केन केल्टनरने दोन जबरदस्त फटके अडवले. डिमॅजिओला त्या दिवशी एक वॉकही मिळाला होता. सगळ्याच खेपा वॉकच्या असत्या तर मालिका नियमाने चालूच राहिली असती. पण तीन ॲट-बॅट झाले होते आणि तिन्ही फुकट गेले.

क्लीव्हलंडचाच आणखी एक, एका सामन्यात तीन ‘पहिले’. वर्ल्ड सिरीज (हंगामाअखेरची अंतिम मालिका), 10 ऑक्टोबर 1920, पाचवा सामना, लीग पार्क. ते मैदान ईस्ट 66 वा रस्ता आणि लेक्सिंग्टन अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर आजही आहे. एल्मर स्मिथने वर्ल्ड सिरीजमधला पहिला ग्रँड स्लॅम मारला, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होमरन. जिम बॅगबीने पिचर असून वर्ल्ड सिरीजमध्ये पहिला होमरन मारला. आणि दुसऱ्या बेसवरच्या बिल वॉम्ब्सगॅन्सने एकट्याने तीन आउट केले. ब्रुकलिनचे दोघे बेसवर होते आणि चेंडू सुटताच पळत सुटले. क्लॅरेन्स मिचेलचा सपाट फटका वॉम्ब्सगॅन्सने उडी मारून पकडला, एक. दुसऱ्या बेसवर पाय ठेवला, तिथून निघालेला किल्डफ परतलाच नव्हता, दोन. मागे वळला तर पहिल्या बेसवरून आलेला ओटो मिलर समोरच थबकलेला, त्याला चेंडू लावला, तीन. मिचेलने पुढच्या खेपेला डबल प्ले दिला. दोन फटक्यांत पाच आउट! एकट्याने तीन आउट हा प्रकार आजवर 15 वेळाच झालाय, परफेक्ट गेम 24 वेळा. ‘यातलं दुर्मीळ काय?’ विचारलंत तर बहुतेक जण चुकतील.

जोडीचे दोन झटपट प्रश्न. एका दिवशी दोन शहरांत दोन संघांकडून हिट कोणी मारला? जोएल यंगब्लड, 4 ऑगस्ट 1982: दुपारी शिकागोत मेट्सकडून, मध्येच सौदा होऊन रात्री फिलाडेल्फियात माँट्रियलकडून. आणि एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून कोण खेळला? डॅनी जॅन्सन. 26 जून 2024 ला बॉस्टनमध्ये तो टोराँटोकडून बॅटिंग करत असताना पावसाने सामना थांबला. महिनाभराने सौदा होऊन तो बॉस्टनकडे गेला. 26 ऑगस्टला सामना तिथूनच पुढे सुरू झाला तेव्हा त्याच्या जागी दुसरा बॅटर आला आणि जॅन्सन त्याच बॅटरच्या मागे बॉस्टनचा कॅचर म्हणून बसला.

प्रत्येक प्रश्नात ‘मेजर लीग’ हा शब्द हवाच, नाहीतर जपानच्या सादाहारू ओहचे 868 होमरन पुढे येतात आणि बॉण्ड्स मागे पडतो. ‘नियमित हंगामात’ हेही घाला, कारण वर्ल्ड सिरीजचे आकडे कारकिर्दीत मिळवत नाहीत. परफेक्ट गेम मात्र दोन्हीकडचे एकाच यादीत असतात, डॉन लार्सनचा 1956 चा वर्ल्ड सिरीजमधलाच आहे. आणि 15, 24 असे आकडे विचाराल तेव्हा ‘आजपर्यंत’ म्हणा. गणपतीच्या आदल्या रात्री कोणी पंचविसावा टाकला तर तेवढं कळवायची जबाबदारी माझी.

बरोबरी झाली तर शेवटचा प्रश्न अंदाजाचा ठेवा. 1 मे 1920 ला ब्रुकलिन आणि बॉस्टन 26 इनिंग खेळले. दोन्हीकडचे पिचर, लिऑन कॅडोर आणि जो ओश्गर, शेवटपर्यंत तेच होते आणि अंधार पडल्यामुळे सामना 1-1 वर थांबला. किती मिनिटं लागली? उत्तर 230. सगळे पाचशे-सहाशे म्हणतील, कारण अलीकडे नऊ इनिंगलाच तीन तासांच्या वर वेळ जायचा आणि 2023 मध्ये पिचरमागे घड्याळ लावावं लागलं. जो जवळ जाईल तो विजेता.

काकूंना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुमचा,
मंदार