मातीच्या भिंतीला ‘कच्चे’ कुणी ठरवले? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सा. न. वि. वि.

माझ्या गृहकर्जाचा पुढचा हप्ता बँकेने गेल्या आठवड्यात रोखला. शेरा एका ओळीचा आहे: ‘भिंती मातीच्या, बांधकाम कच्चे.’ पहिला हप्ता देताना याच भिंती नकाशात स्पष्ट लिहिल्या होत्या. पर्यावरणपूरक घरांना प्रोत्साहन देऊ, हे सरकारच सांगत आले. आम्ही ते खरे मानले.

कोल्हापूरजवळच्या पाचगावच्या माळावर आमचे तीन गुंठे आहेत. तिथलीच मुरमाड माती चाळली, त्यात थोडे सिमेंट मिसळले, हाताच्या यंत्रात दाबून ब्लॉक पाडले आणि ओल्या पोत्यांखाली मुरवले. ना भट्टी, ना कोळसा. अशा ब्लॉकसाठी आयएस 1725 हे भारतीय मानक आहे, 2013 मध्ये सुधारलेले. मूल्यांकनाला आलेल्या साहेबांपुढे मी त्याची प्रत धरली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. पेनाच्या टोकाने भिंत टोकरली. कणभर माती पडली नाही, तरी रकान्यात ‘कच्चे’ लिहून ते गाडीत बसले. बायकोच्या पाटल्या गहाण आहेत, एकीकडे घरभाडे, दुसरीकडे व्याज, आणि घरावर छप्पर नाही. हे कुणाच्या रकान्यात बसते?

साहेब, जगाच्या कार्बन उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा. केंद्राने 2018 मध्ये घरांच्या ऊर्जाबचतीची इको निवास संहिता आणली, भिंतींतून आत येणारी उष्णता चौरस मीटरला 15 वॅटच्या आत ठेवा म्हणून. पण ती 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना. तीन गुंठेवाल्याने उकडून मरायचे का? छतावर तीन किलोवॅट सौर पॅनेल बसवले की 78,000 रुपये अनुदान मिळते. जरूर द्या. पण भिंतीच ऊन आत घेत असतील, तर ती वीज खाली एसीत जाणार. शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यांत मे महिन्याच्या दुपारी जाऊन बसा, जाड भिंत काय करते ते कळेल.

आणि पक्के म्हणजे काय? पंचगंगेच्या पूररेषेत भराव टाकून उभे राहिलेले आरसीसी पक्के! राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेले, 2021 ला पुन्हा तेच. तिथे कर्जे मिळतात, परवाने मिळतात, बुडाले की पंचनामेही होतात. माळावर, पुराच्या आवाक्याबाहेर घर बांधणारा मात्र संशयित. ही सगळी व्यवस्थाच सिमेंटच्या बाजूने लिहिलेली आहे आणि ती वाचणाऱ्याला मानक वाचायची गरज वाटत नाही.

आयएस 1725 प्रमाणे बांधलेली भिंत पक्की धरावी, असे बँका आणि मूल्यांककांना लेखी कळवा. लहान भूखंडांनाही संहितेत घ्या. मृगाच्या आत कौले चढली नाहीत, तर उघड्या भिंतींच्या माथ्यावरून पाणी आत उतरेल. मग तुमचीच माणसे म्हणतील, ‘बघा, कच्चंच होतं.’

आपला,
एक कोल्हापूरकर